इंग्रजी वाक्यं जोडताना कुठला शब्द घ्यायचा, हे मी कसं ठरवते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मराठी माध्यमात शिकले, आता चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये आहेत. कंजंक्शनची यादी पाठ आहे, पण मेल लिहायला बसलं की 'अँड', 'बट', 'सो' यांच्यापलीकडे हात जात नाही. मुद्दाम वेगळा शब्द वापरला तर साहेब म्हणतात, वाक्य कळत नाही. योग्य शब्द निवडायचा काही नियम आहे का? आणि 'बिकॉज'ने वाक्य सुरू केलेलं चालतं का? सोबत त्यांनी स्वतःच्या मेलमधलं एक वाक्य दिलंय:

'ऑल्दो द स्पिंडल वॉज रिपेअर्ड ऑन मंडे, बट द नॉइज इज स्टिल देअर अँड वी आर चेकिंग द बेअरिंग सो द डिस्पॅच विल बी लेट.'

मी पुण्यात इंग्रजी लेखन शिकवते. सकाळी पेठेत परीक्षांची तयारी करणारी मुलं असतात, शनिवारी कंपन्यांमधली नोकरदार मंडळी. या वाक्यातला स्पिंडल बाजूला काढून तिथे इनव्हॉइस, सर्व्हर किंवा ॲडमिशन ठेवा, हेच वाक्य माझ्यासमोर सतत येतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुमची अडचण यादीची नाही. यादी तुमच्याकडे आहेच. अडचण दोन ठिकाणी आहे. एक तर दोन गोष्टींचा एकमेकींशी नेमका काय संबंध आहे हे ठरायच्या आधीच त्या जोडल्या जातात. आणि दुसरं, मराठी ज्या पद्धतीने वाक्यं जोडते तिचा अर्धा भाग नकळत इंग्रजीत उतरतो. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सुधाराव्या लागतात.

काही बाबी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुम्ही बारावीचा पेपर किंवा एमपीएससीची तयारी करत असाल तर 'नो सूनर'च्या मागे 'दॅन', 'हार्डली'च्या मागे 'व्हेन', 'लेस्ट'च्या मागे 'शुड' हे पाठच हवं, कारण तिथे तेच विचारतात. कारखान्याच्या मेलमध्ये यातलं काहीही लागत नाही. 'लेस्ट' तर वापरूच नका, समोरचा अडखळेल. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांचा एक गैरसमज असतो की प्रत्येक वाक्याला 'मोरओव्हर', 'फर्दरमोर' लावले की गुण वाढतात. त्या परीक्षेत लेखन चार निकषांवर तपासतात आणि त्यातला एक निकष वाक्यं एकमेकांशी कशी बांधली आहेत हाच आहे. पण जोडशब्द यांत्रिकपणे पेरलेले दिसले की त्याच निकषावर गुण कमी होतात. बोलण्यात तर 'अँड', 'बट', 'सो' एवढ्यावर उत्तम काम चालतं. तेव्हा हे तीन शब्द वापरता याची लाज अजिबात वाटू देऊ नका. ते चुकीच्या जागी बसले, तरच प्रश्न.

आता तुमच्याच वाक्यातल्या दोन गोष्टी घेऊ. सोमवारी स्पिंडल दुरुस्त झाला. आवाज अजून येतोय. दोन्ही खऱ्या. आता त्या जोडून बघा.

'द स्पिंडल वॉज रिपेअर्ड ऑन मंडे, बट द नॉइज इज स्टिल देअर.' वाचणाऱ्याचं लक्ष आवाजावर जाऊन थांबतं. तो लगेच विचारेल, मग आता काय करताय?

'ऑल्दो द नॉइज इज स्टिल देअर, द स्पिंडल वॉज रिपेअर्ड ऑन मंडे.' माहिती तीच, पण आता लक्ष दुरुस्तीवर थांबलं. लिहिणारा स्वतःची बाजू सावरतोय असं वाटतं: आवाज असेल, पण आम्ही आमचं काम केलंय.

'द स्पिंडल वॉज रिपेअर्ड ऑन मंडे अँड द नॉइज इज स्टिल देअर.' इथे दोन गोष्टी नुसत्या शेजारी ठेवल्या. त्यांच्यात विरोध आहे हे लिहिणाऱ्याने सांगितलंच नाही, वाचणाऱ्याने ते ओळखायचं.

आणि हे बघा: 'सिन्स द स्पिंडल वॉज रिपेअर्ड, देअर हॅज बीन अ नॉइज.' आता आवाज दुरुस्तीनंतर सुरू झाला असा अर्थ निघाला. 'सिन्स' म्हणजे 'तेव्हापासून' घ्या किंवा 'त्या कारणाने' घ्या, बोट दुरुस्ती करणाऱ्या टीमकडेच गेलं. तुम्हाला तसं म्हणायचं नसेल, तर एका शब्दाने तुम्ही सहकाऱ्यांवर आरोप केलात.

म्हणून वर्गात मी आधी पेन खाली ठेवायला सांगते. दोन गोष्टी मोठ्याने मराठीत म्हणा आणि मध्ये काय येतं ते ऐका. 'पण' येतं, 'म्हणून' येतं, 'कारण' येतं, की नुसतं 'आणि'? शाळेत उभयान्वयी अव्ययांचे, म्हणजे जोडशब्दांचे, प्रकार पाठ केले होते ना, समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक, संकेतबोधक? आपण ते गुणांपुरते केले आणि सोडून दिले. खरं तर जोडणी ठरवायला याहून चांगलं साधन मराठी माणसाकडे दुसरं नाही. तिथेच आणखी एक भेद शिकवला होता: प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक. 'बट' दोन्ही वाक्यांना बरोबरीने उभं करतो, 'ऑल्दो' स्वतःच्या पुढच्या वाक्याला दुय्यम करतो. वरच्या पहिल्या दोन वाक्यांत जो फरक पडला, तो बराचसा इथून आला. दोन्हींत विरोधच आहे, पण कुठली गोष्ट मुख्य हे वेगळं ठरलंय.

थोडक्यात, शब्द निवडायच्या आधी दोन निर्णय घ्या: संबंध कुठला, आणि भार कशावर. हे ठरलं की बहुतेक वेळा एक किंवा दोनच शब्द उरतात.

आता मराठीच्या सवयीकडे वळू. तुमच्या वाक्यात 'ऑल्दो'ही आहे आणि 'बट'ही. ही चूक निष्काळजीपणाची नाही, ती मराठी नीट येण्यातून होते. मराठी जोडीने बोलते: जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत, जसं-तसं. 'जरी दुरुस्ती झाली' एवढं म्हटलं की मराठी कानाला 'तरी'ची वाट बघावीच लागते. तो 'तरी' इंग्रजीत 'बट' होऊन येतो. इंग्रजीत मात्र नातं एकाच बाजूला सांगायचं असतं. 'ऑल्दो' लिहिलंत तर 'बट' काढा, 'बट' ठेवायचा असेल तर 'ऑल्दो' काढा. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत 'दो'च्या जोडीला 'येट' दिलेला असतो आणि तो चूक नाही, पण आजच्या मेलमध्ये तो अवजड वाटतो. 'इफ'बरोबर 'देन' चालतं, मात्र बहुतेक वेळा त्याची गरज नसते. 'बिकॉज'बरोबर 'सो' किंवा 'ॲज'बरोबर 'सो' लावणं हीसुद्धा त्याच सवयीतली चूक: 'बिकॉज द पार्ट वॉज लेट, सो वी स्टॉप्ड.' यातला कुठलाही एक ठेवा.

या जोड्यांमधली सगळ्यात धोक्याची जोडी नकाराची. मराठीत आपण म्हणतो, 'जोपर्यंत पार्ट येत नाही, तोपर्यंत लाईन बंद राहील.' इथला 'नाही' मराठीला हवाच असतो. तो उचलून इंग्रजीत नेला की होतं: 'अन्टिल द पार्ट डज नॉट अराइव्ह, द लाइन विल स्टे डाउन.' 'अन्टिल'च्या पोटात तो नकार आधीच धरलेला आहे, त्यामुळे फक्त 'द लाइन विल स्टे डाउन अन्टिल द पार्ट अराइव्ज' एवढंच लिहायचं. 'अन्टिल'ची चूक निदान समोरचा समजून घेतो. 'अनलेस'ची चूक अर्थच उलटवते. 'वी विल नॉट डिस्पॅच अनलेस यू डू नॉट साइन' असं लिहिलं तर त्याचा सरळ अर्थ होतो, तुम्ही सही केली नाहीत तरच माल पाठवू. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, सही केल्याशिवाय पाठवणार नाही. 'अनलेस'बद्दल खात्री नसेल तेव्हा मी सांगते, 'इफ यू साइन, वी विल डिस्पॅच' किंवा 'वी विल डिस्पॅच ओन्ली आफ्टर यू साइन' लिहा. तोच अर्थ, आणि गफलतीला जागा नाही. 'अनलेस' वापरता यायला हवा हे खरं, पण मालाचा आणि पैशांचा प्रश्न असलेल्या मेलवर त्याचा सराव करू नका.

जाता जाता, 'पार्ट येईल तेव्हा कळवतो' यातला 'येईल' भविष्यकाळ आहे, म्हणून मुलं 'व्हेन द पार्ट विल कम' लिहितात. 'व्हेन', 'इफ', 'अन्टिल', 'आफ्टर', 'ॲज सून ॲज' यांनी वेळ किंवा अट सांगताना त्यांच्या मागे साधा वर्तमानकाळ येतो: 'व्हेन द पार्ट कम्स, आय विल इन्फॉर्म यू.' 'विल' फक्त मुख्य वाक्यात.

'म्हणून'वर जरा थांबायला हवं, कारण मराठीतल्या चाचणीला इथे मर्यादा आहे. 'लवकर निघालो म्हणून डेक्कन क्वीन मिळाली' आणि 'डेक्कन क्वीन मिळावी म्हणून लवकर निघालो', दोन्हींत 'म्हणून' आहे. पहिल्यात परिणाम आहे, गाडी मिळालेली आहे. दुसऱ्यात हेतू आहे, गाडी मिळाली की चुकली ते सांगितलेलंच नाही. मराठीत आपला गोंधळ होत नाही, कारण 'मिळाली' आणि 'मिळावी' ही क्रियापदाची रूपंच फरक सांगतात. इंग्रजीत क्रियापदाचं रूप असं बदलून हेतू सांगत नाही, त्यामुळे ते काम जोडशब्दाने करायचं असतं. परिणाम असेल तर 'सो': 'आय लेफ्ट अर्ली, सो आय कॉट द डेक्कन क्वीन.' हेतू असेल तर 'सो दॅट', आणि मागे 'कॅन', 'कुड', 'विल' किंवा 'वुड': 'आय लेफ्ट अर्ली सो दॅट आय कुड कॅच द डेक्कन क्वीन.' मेंटेनन्सच्या रिपोर्टमध्ये हा फरक फार महत्त्वाचा. 'वी चेंज्ड द कूलंट, सो द टेंपरेचर ड्रॉप्ड' म्हणजे तापमान उतरलं. 'वी चेंज्ड द कूलंट सो दॅट द टेंपरेचर वुड ड्रॉप' म्हणजे उतरावं अशी अपेक्षा होती. दुसरं वाक्य वाचून कोणी काम पूर्ण झालं असं धरणार नाही, पहिलं वाचून धरेल.

'बिकॉज', 'सिन्स' आणि 'ॲज' यांतलं काय घ्यायचं? माझा स्वतःचा पायंडा असा: कारण वाचणाऱ्याला नवीन असेल, किंवा कारण हीच मुख्य बातमी असेल, तर 'बिकॉज'. कारण त्याला आधीच ठाऊक असेल, नुसती आठवण करून द्यायची असेल, तर 'सिन्स'. 'सिन्स यू आर ऑन लीव्ह टुमारो, आय विल अटेंड द मीटिंग.' तुमची रजा तुम्हाला माहीतच आहे. 'ॲज' कारणासाठी मी टाळायला सांगते. 'ॲज वी वेअर क्लोजिंग द व्हॉल्व्ह, द प्रेशर रोज' यात व्हॉल्व्ह बंद करत असताना दाब वाढला, की बंद करत होतो म्हणून वाढला? तुम्ही समोर नसता, वाचणारा आपल्या सोयीने अर्थ लावतो. काळ सांगायचा असेल तर 'व्हाइल', कारण सांगायचं असेल तर 'बिकॉज'. हाच न्याय उलट्या बाजूने 'व्हाइल'ला लावा. दोन गोष्टींतला फरक दाखवायचा असेल आणि 'व्हाइल'ने 'त्याच वेळी' असा अर्थ निघण्याची शक्यता असेल, तर 'व्हेअरॅज' घ्या.

'बिकॉज'ची एक अवघड जागा मराठी शाळांमध्ये सहसा शिकवत नाहीत. 'वी डिड नॉट स्टॉप द मशीन बिकॉज इट वॉज ओव्हरहीटिंग.' दोनदा वाचा. मशीन तापत होतं म्हणून आम्ही ते थांबवलं नाही, असा एक अर्थ. आम्ही थांबवलं, पण तापत होतं म्हणून नाही, कारण दुसरंच होतं, असा दुसरा अर्थ. नकार आणि त्यामागे 'बिकॉज' आलं की हा पेच पडतो, कारण 'नॉट' थांबवण्याला लागू आहे की कारणाला, हे वाक्य सांगत नाही. असं वाक्य सरळ मोडा. 'वी स्टॉप्ड द मशीन, बट नॉट बिकॉज इट वॉज ओव्हरहीटिंग. द कूलंट पंप हॅड फेल्ड.' आता शंका उरत नाही.

'इफ' आणि 'इन केस' यांचाही घोळ होतो, आणि सुरक्षेच्या सूचनांमध्ये तो महागात पडू शकतो. 'कॉल द इलेक्ट्रिशियन इफ द पॅनल ट्रिप्स' म्हणजे पॅनल ट्रिप झालं तर बोलवा. 'कॉल द इलेक्ट्रिशियन इन केस द पॅनल ट्रिप्स' याचा काटेकोर अर्थ, ट्रिप होण्याची शक्यता आहे म्हणून आत्ताच बोलावून ठेवा. छत्री घेऊन जा, पाऊस आला तर असावी, यातला 'असावी' म्हणजे 'इन केस'. काही ठिकाणी, विशेषतः अमेरिकन इंग्रजीत, 'इन केस' हा 'इफ'च्या अर्थानेही वापरतात, आणि 'इन केस ऑफ फायर' ही पाटी तर 'आग लागल्यास' याच अर्थाची असते. म्हणूनच सूचना लिहिताना 'इफ'च वापरा. आधीपासूनची तयारी सुचवायची असेल तर 'कीप ॲन इलेक्ट्रिशियन रेडी' असं स्पष्ट लिहा.

'ऑर'बद्दल दोन गोष्टी. 'मी चहा आणि कॉफी घेत नाही' हे मराठीत बिनचूक आहे. इंग्रजीत 'आय डोन्ट टेक टी अँड कॉफी' म्हटलं तर दोन्ही एकदम घेत नाही, असा अर्थ लागू शकतो. नकारामागे 'ऑर' वापरा: 'टी ऑर कॉफी'. दुसरी गोष्ट, 'ऑर' नेमका किती शब्दांना जोडतोय हे दिसलं पाहिजे. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांचा ओव्हरटाइमचा खटला यावरच उभा राहिला. कुठल्या कामांना ओव्हरटाइम नाही याची यादी कायद्यात होती आणि तिच्यात शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते, 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मग 'डिस्ट्रिब्यूशन' हे वेगळं काम, की शिपमेंटसाठी आणि डिस्ट्रिब्यूशनसाठी पॅकिंग हे एकच काम? ड्रायव्हर माल पोचवत, पॅक करत नसत. अपील कोर्टाने २०१७ मध्ये संदिग्धतेचा फायदा ड्रायव्हरांना दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. तुमच्या कंपनीच्या करारात किंवा वर्क ऑर्डरमध्ये 'अँड' आणि 'ऑर' एकाच वाक्यात दिसले, तर ते वाक्य तोडून मुद्दे वेगळे मांडायला सांगा.

'की'ची गोष्ट छोटी पण हटकून दिसणारी. 'त्यांनी विचारलं की डिस्पॅच कधी होणार' याचं 'दे आस्क्ड दॅट व्हेन विल द डिस्पॅच हॅपन' होतं. 'व्हेन', 'व्हेअर', 'व्हाय', 'हाउ' हे स्वतःच जोडण्याचं काम करतात, त्यांच्याआधी 'दॅट' नको आणि आतला क्रमही प्रश्नाचा नको: 'दे आस्क्ड व्हेन द डिस्पॅच वुड हॅपन.' उत्तर हो किंवा नाही असेल तर 'वेदर': 'दे आस्क्ड वेदर द डिस्पॅच हॅड हॅपन्ड.'

पुढचा गट जोडशब्दांसारखा दिसतो, पण तो जोडशब्दांचा नाही. 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोरओव्हर' ही क्रियाविशेषणं आहेत. त्यांना दोन वाक्यांना बांधून ठेवायची ताकद नाही. 'द मशीन इज ओल्ड, हाउएव्हर इट रन्स वेल' हे म्हणून चुकतं. आधीचं वाक्य पूर्णविरामाने किंवा अर्धविरामाने संपवा, मग 'हाउएव्हर', आणि त्याच्यामागे स्वल्पविराम. दुसऱ्या बाजूला 'बिकॉज ऑफ', 'डिस्पाइट', 'इन स्पाइट ऑफ' यांच्यामागे नाम येतं, कर्ता-क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य येत नाही: 'डिस्पाइट द रिपेअर', पण 'ऑल्दो वी रिपेअर्ड इट'. आणि 'डिस्पाइट ऑफ' असं काही नसतं.

स्वल्पविरामाची गोष्ट निघालीच आहे तर, मराठी माणसाला तो नकोसा का वाटतो याला कारण आहे. पेशवे दफ्तरातले मोडी कागद बघा, त्यांत आजच्यासारखी विरामचिन्हं नाहीत. मराठीत विरामचिन्हं रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं, एकोणिसाव्या शतकात पुण्यातल्या पाठशाळेचं काम ज्यांच्याकडे होतं ते. त्याआधीही मराठी वाचता येत होती, कारण आपलं क्रियापद सहसा शेवटी येतं. 'झाला', 'येतोय', 'होईल' असं काही आलं की एक म्हणणं संपलं हे कळतं. इंग्रजीत क्रियापद मधेच येऊन जातं, त्यामुळे एक म्हणणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे जोडशब्द आणि स्वल्पविराम या दोघांनी मिळून दाखवायचं असतं. 'ऑल्दो', 'इफ', 'व्हेन', 'बिकॉज' यांनी वाक्य सुरू झालं तर तो भाग संपल्यावर स्वल्पविराम द्या. दोन पूर्ण वाक्यांच्या मधे 'बट' किंवा 'सो' आलं तर त्याआधी द्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. 'बिकॉज'ने वाक्य खुशाल सुरू करा, पुढे मुख्य वाक्य असलं म्हणजे झालं. 'बिकॉज द पार्ट वॉज लेट, वी स्टॉप्ड द लाइन' हे पूर्ण आणि बरोबर आहे. नुसतं 'बिकॉज द पार्ट वॉज लेट.' लिहून पूर्णविराम दिला तर ते अर्धं राहतं, आणि शाळेत बाई नाही म्हणायच्या त्या याच भीतीने. 'अँड' आणि 'बट'ने सुरुवात करायलाही व्याकरणाची आडकाठी नाही. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये 'अँड'ने सुरू होणारी वाक्यं पानोपानी आहेत. तुमच्या साहेबांना ते खटकत असेल तर त्यांच्यासाठी टाळा, तो कार्यालयीन शिष्टाचाराचा भाग झाला.

शेवटी तुमचं वाक्य. त्यात चार गोष्टी आहेत: दुरुस्ती, आवाज, तपासणी, उशीर. चारही एका वाक्यात बांधल्यामुळे कुठली मुख्य हे कळत नाही, आणि 'सो' नुसत्या तपासणीला लागू आहे की आधीच्या सगळ्याला, हेही नाही. मेल मेंटेनन्सच्या साहेबांना असेल तर मी असं लिहीन:

'द स्पिंडल वॉज रिपेअर्ड ऑन मंडे, बट द नॉइज इज स्टिल देअर. वी आर चेकिंग द बेअरिंग नाउ, सो टुडेज डिस्पॅच विल बी लेट.'

तोच मेल डिस्पॅचच्या माणसाला असेल तर त्याला आधी त्याची बातमी द्या, कारण मागून:

'टुडेज डिस्पॅच विल बी लेट बिकॉज वी आर चेकिंग अ स्पिंडल बेअरिंग.'

सोमवारची दुरुस्ती त्याला सांगायची गरज नाही. त्याला हवंय ते किती उशीर होणार हे, आणि ते तुमच्या मूळ वाक्यात कुठेच नव्हतं. वेळ माहीत असेल तर टाका, नसेल तर कधी कळवाल ते टाका: 'आय विल कन्फर्म द टाइम बाय फोर.'

सरावासाठी नवीन पुस्तक आणू नका. स्वतःचे पाठवलेले जुने मेल काढा, प्रत्येक 'अँड' आणि 'सो'खाली रेघ मारा, आणि तिथे मराठीत काय म्हणायचं होतं ते शेजारी लिहा. 'अँड'च्या शेजारी 'पण' किंवा 'कारण' आलं तर तिथे शब्द बदला, आणि शेजारी काहीच सुचलं नाही तर तिथे पूर्णविराम द्या. एखादं वाक्य तरीही अडलं तर इथेच टाका, मी बघते. फक्त ते कोणाला पाठवायचं आहे तेही सोबत लिहा, त्याशिवाय मला शब्द सुचवता येणार नाही.